टप उघडण्याआधी

"टपच नाही तं मंग एवढे पैसे कायले देल्ले?"

भाच्याने पुण्याहून आणलेली दोन माणसांची उघडी गाडी लोहाऱ्यात आमच्या दारात पहिल्यांदा उभी राहिली, तेव्हा शेजारच्या काकांनी विचारलेला हा प्रश्न. गाडीभोवती दहा-बारा जण जमले होते, त्यांत निम्मी पोरं. कोणी बॉनेटवर हात फिरवत होतं, कोणी उकिडवं बसून गाडीखाली किती जागा आहे ते बघत होतं. काकांनी मात्र थेट हिशेबाला हात घातला. एरवी जास्त पैसे मोजले की काहीतरी जास्त पदरात पडतं. इथे जास्त मोजून छप्पर गेलं, मागची सीट गेली, डिकी अर्धी झाली. भाचा नुसता हसला. काकांना तोंडी उत्तर द्यायला बहुधा त्याला जमलं नाही, म्हणून त्याने दोन हिवाळे खर्चून हे पुस्तक लिहिलं आणि प्रस्तावना माझ्या गळ्यात घातली.

मी काही मोटारींचा जाणकार नव्हे. शाळेत पदार्थविज्ञान शिकवण्यात माझी नोकरी गेली. आजही माझ्याकडे स्कूटर आहे. पण हस्तलिखित वाचताना जाणवलं की काकांचा प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नाही. अशी गाडी घेणाऱ्याने स्वतःला तोच विचारायला हवा, फक्त थोडा फिरवून: काय मिळणार ते नंतर बघू, आधी काय काय मागे ठेवायची तयारी आहे?

लोहारा म्हणजे यवतमाळ शहराला लागून, दारव्हा मार्गावरचं गाव. इथल्या एमआयडीसीत रेमंडचा डेनिमचा कारखाना आहे. त्याच रेमंडचे गौतम सिंघानिया मुंबईत सुपरकार क्लब काढणारे म्हणून गाडीवेड्यांच्या जगात प्रसिद्ध आहेत. म्हणजे वेगवान गाड्यांशी लोहाऱ्याचा धागा आहेच, निळा, इंडिगोत बुडवलेला. पण तो धागा मी फार ताणणार नाही. आमचा खरा धागा त्याहून जुना आहे.

वऱ्हाडात ओझ्याची गाडी ती बंडी. कापूस, कडबा, शेणखत, लग्नाचं वऱ्हाड, सगळं तिच्यात. पण ज्याच्या घरी खाऊनपिऊन बरं होतं, त्याच्या गोठ्याशेजारी रेंगी असायची. लहान, हलकी, एक-दोन माणसं बसतील एवढीच. तिला जुंपायचे बैलही वेगळे, चपळ, शिंगं घासून रंगवलेले. रेंगीने कापूस बाजारात जात नसे. रेंगीने माणूस सासुरवाडीला जायचा, जत्रेला जायचा, आणि खरं सांगायचं तर कधीकधी कुठेच न जाता फिरून यायचा. बंडी घराची असे, रेंगी धन्याची. आज जो तो मोठ्या, उंच, सात आसनांच्या गाड्या घेतो, त्या सगळ्या बंड्या आहेत. त्यात वाईट काही नाही, घर बंडीवरच चालतं. भाच्याने आणली ती रेंगी.

हे मी ओढूनताणून जुळवत नाही. 'कॅब्रिओले' हा शब्द मोटारीच्या आधी अठराव्या शतकातल्या फ्रान्समधल्या एका घोडागाडीचा होता: दोन चाकं, एक घोडा, दोन माणसं आणि दुमडता येणारा टप. ती इतकी हलकी की खडबडीत रस्त्यावर बकरीसारखी उड्या मारी, आणि तिचं नाव त्या उडीवरूनच पडलं. त्याच नावाचं शेपूट कापून 'कॅब' झालं, जी आज आपण मोबाईलवरून बोलावतो. थोडक्यात, उघडी दोन आसनी गाडी हा मोटारीचा नखरा नव्हे. तो हलक्या गाडीचा जुना वंश आहे, बैल गेले आणि इंजिन आलं इतकंच.

शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पाहिलेल्याला हलकेपणाचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही. पटाचा छकडा पाहा: त्यात अनावश्यक लाकूड सापडणार नाही. तो हाकणारा धुरकरी स्वतः सडपातळ. निकाल सेकंदाच्या अंशांवर लागतो, आणि ते अंश जोडीच्या ताकदीइतकेच गाडीच्या वजनावर ठरतात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली, २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम केली. मधल्या सात वर्षांत पट थांबले, तरी छकडा कसा असावा हे ज्ञान विदर्भातल्या सुतारांच्या हातात जिवंत राहिलं. इंग्लंडातल्या लोटस कंपनीने १९९६ साली एलिस नावाची उघडी गाडी काढली, ॲल्युमिनियमचे भाग डिंकाने चिकटवावेत तसे चिकटवून, सव्वासातशे किलोंच्या आसपास वजनाची. पटाच्या सुतारासमोर ती उभी केली असती तर त्याला ओळख पटली असती.

भाच्याच्या पुस्तकात इतिहासाचं प्रकरण मोठं आहे. मी त्यातल्या तीन-चार गाड्यांपाशीच थांबतो.

एक एमजी टीसी. दुसरं महायुद्ध संपता संपता, १९४५ साली इंग्लंडात सुरू झालेली आणि १९४९ पर्यंत चाललेली. चार वर्षांत जेमतेम दहा हजार गाड्या. इंजिन १,२५० सीसीचं, ५४ अश्वशक्तीचं. आज आपल्याकडची साधी हॅचबॅकही याहून जोरकस असते. सगळ्या टीसी उजव्या स्टिअरिंगच्या, तरी इंग्लंडात मुक्काम केलेल्या अमेरिकन सैनिकांना अशा गाड्यांनी इतकी भुरळ घातली की अमेरिकेत या जातीच्या गाड्यांची आवडच त्यातून रुजली. या गाडीकडे वेग नव्हता, वेगाचा भास होता. जमिनीलगतची बैठक, समोर लांब बॉनेट, बाजूला उंच बारीक तारांची चाकं, कानात वारा. ताशी साठ किलोमीटरला शंभरचं सुख. लोहारा-दारव्हा रस्त्याला याहून योग्य गाडी मी तरी कल्पू शकत नाही.

दुसरी माझदा एमएक्स-५. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती आली, तोवर इंग्रजांनी अशा स्वस्त, साध्या उघड्या गाड्या बनवणं जवळपास सोडून दिलं होतं. जपान्यांनी जुन्या ब्रिटिश गाड्यांचा, विशेषतः साठच्या दशकातल्या लोटस एलानचा, जीव उचलला आणि त्यात तेल न गळणारं इंजिन बसवलं. १.६ लिटर, वजन हजार किलोंच्या आत, मागच्या चाकांना ताकद, टप हाताने उघडायचा. घोडा आणि स्वार एकजीव असावेत, ही जपानी कल्पना त्यांनी गाडीला लावली. २०१६ च्या एप्रिलमध्ये दहा लाखावी गाडी बाहेर पडली. दोन आसनी स्पोर्ट्स गाड्यांत एवढा खप दुसऱ्या कुठल्याच गाडीचा नाही. ही गाडी कंपनीने भारतात कधी विकली नाही. भाच्याचा सगळ्यात मोठा सल ते आहे, आणि त्याने त्यावर तीन पानं खर्ची घातली आहेत. मी एक पान कापायला सांगितलं, त्याने ऐकलं नाही.

तिसरी आपली. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी गोव्यात सॅन स्टॉर्म बनू लागली. फायबरग्लासची बॉडी, कापडी टप, दोन सीट, रेनॉचं १,१४९ सीसीचं इंजिन, ६० अश्वशक्ती. मी ती एकदाच पाहिली, पणजीत मांडवीच्या काठी, लाल रंगाची. चालवणारा मध्यमवयीन गृहस्थ शर्टाची दोन बटणं उघडी टाकून ताशी तीसने चालला होता. कुणालाही मागे टाकायची त्याला घाई नव्हती. त्या काळात आपल्याकडे गाडी म्हणजे कुटुंब, आणि कुटुंब म्हणजे किमान पाच माणसं. अशा देशात कुणीतरी दोन सीटची उघडी गाडी काढायचं ठरवलं, यालाच मी धाडस म्हणतो. ती फारशी खपली नाही. ६० अश्वशक्तीला लोकांनी नाकं मुरडली. माझ्या मते चूक लोकांची होती, पण बाजारात लोकांची चूक धरत नाहीत.

आणि चौथी जीप. हिला स्पोर्ट्स कार म्हटलं तर भाचा चिडतो, तरी प्रस्तावना माझी आहे. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, आणि पुढची कित्येक वर्षं उघडी गाडी म्हणजे जीप हे समीकरण महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पक्कं झालं. तिची पुढची काचसुद्धा बॉनेटवर आडवी पाडता येई. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली, त्या दिवसांत साहेबांची जीप गावात आली की आम्ही पोरं धुळीतून मागे धावायचो. एका ड्रायव्हरने एकदा मला शेजारी बसवून गावाच्या वेशीपर्यंत नेलं. ताडपत्री गुंडाळलेली होती, समोर पळसाला फुलं आली होती. पन्नास वर्षं झाली असतील, पण वारा अंगावर घेणं काय असतं ते मला तिथे कळलं. आजची थार, २०२० सालची, नाशिकला बनते आणि आली तेव्हा कापडी टपातही मिळत असे. भाच्याचं म्हणणं, तिला चार सीट आहेत, म्हणून ती बाद. माझं म्हणणं, आपल्या रस्त्यांवर जमिनीपासून सव्वादोनशे मिलिमीटर वर असलेलं पोट ही चेष्टेची गोष्ट नव्हे.

आता मास्तराचा तास थोडा.

चपलांचा पुठ्ठ्याचा खोका घ्या. झाकण लावून पिळायचा प्रयत्न करा, सहसा पिळला जात नाही. झाकण काढा आणि पुन्हा पिळा. मोटारीचं छप्पर हे ते झाकण आहे. ते काढलं की खड्ड्यातून जाताना गाडीचा पुढचा भाग आणि मागचा भाग वेगवेगळे विचार करू लागतात: काचेची चौकट थरथरते, डॅशबोर्ड कुरकुरतो, आरसा हलतो. हे टाळायला कारखान्यात खालचा तळ आणि दारांखालचे आडवे भाग जाड करावे लागतात, म्हणून छप्पर काढलेली गाडी बरेचदा छप्पर असलेल्यापेक्षा जड भरते. काकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे: पैसे छपराचे नाहीत, छप्पर नसूनही गाडी ताठ राहते त्याचे आहेत. जुनी उघडी गाडी घेताना भाच्याने सांगितलेली परीक्षा मला आवडली. एक चाक फुटपाथच्या कडेवर चढवून गाडी उभी करा आणि दार उघडून पुन्हा लावून बघा. अडलं तर तळ दमला आहे, व्यवहार तिथेच थांबवा.

याच कारणासाठी एक गोष्ट बजावून सांगतो. आपल्या भागात हौशी पोरं वेल्डिंगवाल्याकडे जाऊन साध्या हॅचबॅकचं छप्पर कापून आणतात. तो खोका झाकणासाठी बनलेला असतो, त्याला नंतर ताठपणा आणता येत नाही. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कारखान्याने ठरवलेल्या मूळ रचनेत असे बदल चालणार नाहीत हे स्पष्ट केलं. अपघात झाला तर विम्याचे कागद दाखवायला तोंड राहत नाही.

ताकदीबद्दल भाच्याचं आणि माझं एकमत व्हायला वेळ लागला. एमजीचं नाव आता पुन्हा उघड्या गाडीवर आलं आहे. २०२५ मध्ये भारतात आलेली सायबरस्टर विजेवर चालते, ५१० अश्वशक्तीची, वजन दोन टनांच्या घरात, शून्यापासून शंभर ३.२ सेकंदांत, दारं कात्रीसारखी वर उघडणारी, किंमत पाऊण कोटीच्या आसपास. तिच्या माहितीपत्रकात एका चार्जमध्ये ५८० किलोमीटर, 'एमआयडीसी' प्रमाणे, असं लिहिलेलं वाचून आमच्या गल्लीत एकाने विचारलं, "आपल्या एमआयडीसीत मोजलं काय?" ती चाचणीची भारतीय पद्धत आहे, लोहाऱ्याचा संबंध नाही, हे समजावताना मला वाईटच वाटलं. गाडी देखणी आहे, नाकारत नाही. पण ३.२ सेकंदांत शंभर गाठून दारव्हा रस्त्यावर काय करायचं? चौथ्या सेकंदाला गतिरोधक, पाचव्याला म्हशी. तिथे ६० अश्वशक्तीची गाडी पूर्ण वापरता येते: दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडेपर्यंत ओढा, तिसरा टाका, वळणाआधी खाली या, आणि तरीही काटा कायद्याच्या आत. मोठ्या गाडीत हाच माणूस सगळा वेळ ब्रेकवर पाय ठेवून बसतो. समृद्धी महामार्गावर ७०१ किलोमीटर सिमेंट आहे आणि १२० ची मर्यादा. आमच्याकडून दारव्ह्यावरून कारंज्याला गेलं की तो लागतो. भाचा एकदा टप उघडा टाकून त्यावर गेला आणि तासाभरात टप लावून एसी सुरू केला. सरळ रस्ता, एकसारखा घोंघाट, टायरच्या गरम रबराचा वास. या गाडीला वळणं लागतात, झाडं लागतात, मधेमधे थांबायला चहाची टपरी लागते.

वाऱ्याबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो, की तो समोरून येतो. समोरचा वारा काच अडवते. काचेमागे हवेचा दाब कमी होतो आणि वारा वळसा घेऊन मागून मानेवर येतो, म्हणून उघड्या गाडीत केस पुढे उडतात. दोन्ही सीटच्या मागे एक जाळी लावली आणि दारांच्या काचा वर ठेवल्या की तो बराच शांत होतो. थंडीत हिटर पायांवर सोडायचा. डिसेंबरच्या पहाटे डोक्याला मफलर आणि पायाला ऊब, याहून श्रीमंती मी अनुभवलेली नाही, आणि मी फक्त शेजारी बसलो होतो.

इथे खरी निवड गाडीची नसते, वेळेची असते. यवतमाळचा मे महिना ४५ अंशांच्या आसपास जातो. दुपारी बाराला टप उघडणाऱ्याला डॉक्टरकडे न्यावं. काळ्या चामड्याची सीट त्या उन्हात तव्यासारखी तापते. फिकट रंगाचं कापड मिळत असेल तर तेच घ्यावं. पावसाळा अर्धा वर्ज्य. संध्याकाळी सूर्य कलला की शेतातून रोही आणि डुकरं रस्त्यावर येतात, आणि या गाडीत बसल्यावर रोह्याचं पोट तुमच्या डोळ्यांसमोर असतं, म्हणून तिन्हीसांजा घरी. उरतं काय? ऑक्टोबर ते फेब्रुवारी सकाळी सहा ते नऊ, आणि उन्हाळ्यात पहाट. पण त्या तीन तासांत बंद गाडीतून कधी न कळलेला जिल्हा कळतो. ओलिताच्या शेताजवळून जाताना गारव्याचा पट्टा अंगावरून सरकतो. जिनिंगचा सरकीचा वास येतो. तुरी फुलल्या की कळतं, मार्चमध्ये मोहफुलं पडली की कळतं. आणि कापसाच्या ट्रकमागे अडकलात तर तेही कळतं, दिवसभर नाकात.

टपाची निगा हे पुस्तकातलं सर्वांत कोरडं प्रकरण, म्हणून सर्वांत उपयोगी. कापडी टप ओला असताना दुमडू नये, बुरशी धरते. मागची खिडकी प्लॅस्टिकची असेल तर उन्हाने पिवळी पडते आणि दुमडीवर तडकते. आणि ज्या गोष्टीवर भाच्याने पदरचे चांगले पैसे घालवले, ती म्हणजे पाणी वाहून जायच्या नळ्या. टपाच्या खाचेत पडलेलं पाणी दोन्ही बाजूंच्या बारीक नळ्यांतून चाकांमागे उतरतं. आमच्या अंगणात कडुलिंब आहे. एका पावसाळ्यात त्याच्या काड्यांनी त्या नळ्या बुजवल्या, पाणी आत वळलं, सीटखाली साचलं, आणि तिथेच वायरिंगची पेटी होती. गाडी मध्येच स्वतःहून हॉर्न वाजवू लागली. सगळे मेकॅनिक बॅटरी तपासत राहिले. शेवटी त्याच्या आजीने, म्हणजे माझ्या आईने, गाडीत वाकून वास घेतला आणि म्हणाली, "अरे, हे तं ओल्या गोधडीवानी वासून राहिलं." नळ्या सायकलच्या ब्रेकच्या तारेने साफ झाल्या.

खरेदीचे आकडे मी देत नाही, ते आत आहेत आणि छापून होईपर्यंत बदलतील. आयात गाडी करांमुळे जवळपास दुपटीला पडते आणि सुटा भाग मागवला की महिना जातो, एवढं धरून चाला. पन्नास वर्षांहून जुनी गाडी हवी असेल तर २०२१ पासून तिची विंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, नव्या नोंदणीला २० हजार रुपये. मात्र ती रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शनाला आणि रॅलीला काढता येते.

आता दुसरी सीट. भाच्याने यावर एक ओळही लिहिलेली नाही, म्हणून मला लिहावं लागतंय. आपल्या घरात कुणी गाडी काढली की आधी चार जण चपला घालतात. दोन सीटची गाडी काढली की एकच जण निवडावा लागतो आणि बाकीचे ओट्यावर उभे राहतात. गाडीचा सगळ्यात महाग भाग हाच आहे, त्याचा हप्ता बँकेला देता येत नाही. भाच्याने पहिल्या दिवशी आधी आजीला बसवलं, शहाणपणा केला. तिला आत उतरवायला दोघांनी धरलं, बाहेर काढायला तिघांनी. मग पोरांच्या फेऱ्या झाल्या, एकेक, घड्याळ लावून. शेजारच्या काकांनीही फेरी मारली, पण परत आल्यावर काही बोलले नाहीत, नुसते केस सारखे करत घरात गेले.

माझी बायको सगळ्यांत शेवटी, तिसऱ्या महिन्यात बसली. चालवायला भाचा होता, म्हणजे सीट एकच उरली होती आणि मी ओट्यावर. डोक्याला ओढणी घट्ट बांधून ती दारव्हा रस्त्याने गेली आणि चाळीस मिनिटांनी आली. काय पाहिलंस विचारलं तर म्हणाली, आभाळ. मग चहा ठेवायला आत गेली आणि आतूनच भाच्याला ओरडून म्हणाली, उद्या सहाला ये, पण मामाला उठवू नको.

लोहारा, जि. यवतमाळ